बडोद्याच्या हवेत फोमची गादी निवडताना

गादीच्या दुकानात पाय ठेवला की नावांचा मारा सुरू होतो. ऑर्थो, मेमरी, जेल, लॅटेक्स, एचआर, ड्युअल कम्फर्ट. यातली काही नावं खरंच फोमच्या जातीची आहेत, काही नुसती विक्रीसाठी ठेवलेली. 'ऑर्थो' हे त्यातलंच. कोणत्याही कडक गादीवर कोणीही ते छापू शकतो. म्हणून माझा आग्रह एवढाच की नावावर जाऊ नका. गादीच्या पोटात कोणते थर आहेत, प्रत्येक थर किती इंचांचा आणि किती डेन्सिटीचा (म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो) आहे, ते विचारा. मग ते उत्तर आपल्या गावच्या हवेशी, घरातल्या पलंगाशी आणि झोपणाऱ्या माणसाच्या वजनाशी ताडून बघा.

हवेचा मुद्दा मी मुद्दाम आधी घेतो. फोमबद्दलचे बरेचसे सल्ले थंड देशांतून आलेले असतात. बडोद्यात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत भिंतीसुद्धा ओलसर वाटतात. त्यात शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी आणि तिचा पूर. हे सगळं गादीच्या निवडीत येतं.

आधी घर मोजा

दुकानात जाण्याआधी टेप घेऊन पलंगाचं आतलं माप घ्या, लांबी-रुंदी दोन्ही टोकांना. तयार गाद्या साधारण ७२, ७५ आणि ७८ इंच लांबीत आणि ३६, ४८, ६०, ७२ इंच रुंदीत मिळतात. सुताराकडून करून घेतलेले जुने पलंग आणि दिवाण या मापांत क्वचितच बसतात. चौकटीच्या पलंगात गादी अर्धा इंच लहान असलेली बरी, म्हणजे चादर खोचायला हात जातो. खास मापाची गादी करून घेतली तर ती सहसा परत घेत नाहीत, तेव्हा मापाचा कागद दुकानदाराची सही घेऊन स्वतःकडे ठेवा.

मग जाडी. शोरूममध्ये आठ-दहा इंची गादी दिमाखदार दिसते, पण घरातला पलंग मुळात उंच असेल तर तिच्यावर बसलेल्या आजींचे पाय अधांतरी राहतात. पलंग आणि गादी मिळून जमिनीपासून अठरा ते वीस इंच उंची बहुतेकांना सोयीची पडते. काठावर बसल्यावर तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. जुना शिसवी पलंग असेल तर चार-पाच इंचांची चांगली गादी पुरते. दहा इंची घेतली तर घरातल्या सगळ्या चादरी तोकड्या पडतील, हेही लक्षात घ्या.

दांडिया बाजार, रावपुरा, मांडवीकडच्या जुन्या घरांत राहणाऱ्यांनी जिनाही मोजावा. लाकडी, अरुंद, मध्येच वळणारा जिना असेल तर सहा बाय साडेसहा फुटांची अखंड गादी वर चढत नाही. अशा ठिकाणी गुंडाळून दाबून पॅक केलेली फोमची गादी सोयीची, कारण ती एखाद्या वळकटीएवढी होऊन येते. मात्र एकदा उघडली की घरी ती पुन्हा तशी गुंडाळता येत नाही, त्यामुळे ज्या खोलीत टाकायची तिथेच नेऊन उघडा. दुसरा उपाय म्हणजे ३६ इंची दोन गाद्या शेजारी-शेजारी. याचा आणखी एक फायदा पुढे सांगतो.

तळमजल्यावर, नदीच्या किंवा कांसाच्या (पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या नाल्याच्या) जवळ राहत असाल तर गादीच्या वजनाचा विचार सगळ्यात आधी करा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी कितीतरी सोसायट्यांच्या तळमजल्यांत शिरलं. पुराच्या पाण्यात भिजलेला फोम वाचत नाही. वरून कोरडा वाटला तरी आत गटाराचं पाणी राहतं, वास आणि बुरशी दोन्ही येतात, आणि तो टाकूनच द्यावा लागतो. तळमजल्यावर चाळीस किलोची लॅटेक्सची गादी घेणं मला पटत नाही. पाणी चढायला लागलं की दोन माणसांना वरच्या मजल्यावर नेता येईल अशी हलकी किंवा तीन घड्यांची गादी तिथे शहाणपणाची.

फोमच्या जाती

बाजारातला सगळ्यात जास्त फोम पॉलियुरेथेनचा, म्हणजे आपण साधा पीयू फोम म्हणतो तो. १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं. पॉलिऑल आणि टीडीआय ही दोन द्रव रसायनं पाण्यासोबत मिसळली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मिश्रण ढोकळ्यासारखं फुगून त्याचा मोठा ठोकळा तयार होतो. नंतर पात्यांनी त्याचे हवे तेवढ्या जाडीचे थर कापतात. यातलं टीडीआय आपल्या शेजारीच बनतं. गुजरात नर्मदा व्हॅली फर्टिलायझर्सचे त्याचे कारखाने भरूच आणि दहेजला आहेत.

पीयू फोम वाईट नसतो. हलका पीयू फोम वाईट असतो. सोळा-अठरा डेन्सिटीचा फोम सोफ्याच्या पाठीला ठीक, पण त्यावर रोज रात्री माणूस झोपला की कमरेच्या जागी लवकरच खड्डा पडतो. रोजच्या वापराच्या गादीचा मुख्य थर किमान ३२ डेन्सिटीचा असावा, नव्वद किलोच्या वरच्या माणसासाठी ४० चा. पाहुण्यांच्या खोलीत, वर्षातून पंधरा-वीस रात्री वापरायची गादी असेल तर २८ पण चालेल, तिथे पैसे घालवू नका.

एचआर म्हणजे हाय रेझिलिअन्स. हाही पीयूच, पण रसायनांची कृती वेगळी. दाबून हात काढला की झटकन वर येतो, कूस बदलताना शरीराला आतून टेका मिळाल्यासारखा वाटतो. बडोद्यातल्या मधल्या बजेटच्या घरासाठी मी पहिलं नाव याचंच घेईन. मेमरी फोमच्या मानाने हवा जास्त खेळते, पिळल्यासारखा बसत नाही, आणि लॅटेक्सपेक्षा बराच स्वस्त आणि हलका. ३५ ते ५० डेन्सिटीत मिळतो.

मेमरी फोमची गोष्ट वेगळी. १९६६ च्या सुमारास नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी विमानाच्या आसनांकरता तो तयार केला. उष्णता आणि वजन लागलं की तो मऊ होऊन शरीराच्या आकाराचा होतो आणि हळूहळू परत फुगतो. खांदा किंवा कुशीचं हाड टोचणाऱ्यांना यात आराम मिळतो, शेजारी झोपलेला माणूस उठला तरी हादरा जाणवत नाही. पण ज्या गुणामुळे तो आराम देतो त्याच गुणामुळे आपल्याकडे त्रासही देतो. मे महिन्यात पंख्याखालच्या खोलीत तो गरजेपेक्षा जास्त मऊ पडतो, शरीर आत रुततं आणि अंगाभोवतीची हवा कोंडते. रात्रभर एसी चालत असेल तर प्रश्न नाही. कूलर असेल तर उलट ओलावा वाढतो. गुडघेदुखी किंवा संधिवात असलेल्या वयस्कर माणसांना या फोममध्ये कूस बदलायला जोर लावावा लागतो, तो मुद्दा दुकानात कोणी काढत नाही. मेमरी हवाच असेल तर वरचा एक ते दोन इंचांचा थर मेमरीचा आणि खाली एचआर, अशी जोडणी घ्या. त्याची डेन्सिटी ५० च्या आसपास असावी.

जेल मेमरीबद्दल थोडक्यात. अंग टेकल्यावर गारवा जाणवतो तो खरा असतो, पण जेल थोड्या वेळात शरीराच्या तापमानाला येतं. त्याच्यासाठी फार जास्त पैसे देऊ नयेत.

लॅटेक्स रबराच्या चिकापासून बनतो. १९२९ मध्ये डनलॉप कंपनीत चीक घुसळून त्याचा फोम करण्याची पद्धत निघाली, आणि आजही बरेच लॅटेक्स त्याच पद्धतीने होतात. थरात आरपार बारीक भोकं असतात, त्यामुळे हवा खेळते. उसळी चांगली, आयुष्य मोठं, आणि उन्हाळ्यात मेमरीसारखा मऊ पडत नाही. पैशांची अडचण नसेल आणि पहिल्या मजल्याच्या वर राहत असाल तर बडोद्याच्या हवेला हा सगळ्यात मानवणारा फोम. अडचणी तीन. किंमत, वजन (सहा इंची मोठी गादी चाळीस किलोच्या पुढे जाते) आणि भेसळ. 'नैसर्गिक लॅटेक्स' लिहिलेल्या गादीत कृत्रिम रबर मिसळलेलं असू शकतं, किंवा वर एक इंच लॅटेक्स आणि खाली सगळा साधा पीयू असू शकतो. टक्केवारी आणि थर बिलावर लिहून मागा. ज्यांना रबराच्या हातमोज्यांची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

रीबॉन्डेड फोम म्हणजे कारखान्यातल्या कातरणांचे तुकडे चिकटवून वाफेवर दाबलेला ठोकळा. कापून बघितला तर रंगीबेरंगी ठिपके दिसतात. डेन्सिटी ८० ते १२०, त्यामुळे कडक आणि जड. ऑर्थो नावाच्या बऱ्याच गाद्यांच्या पोटात हाच असतो. खालचा आधार म्हणून दोन-तीन इंच उत्तम. पण सगळीच गादी याची असेल आणि वर जेमतेम अर्धा इंच मऊ थर असेल, तर एका कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा सकाळी भरून येणारच.

आणि एक जात जिच्यापासून लांब राहावं. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तसला पांढरा, प्लास्टिकसारखा कुरकुरणारा ईपीई फोम. स्वस्त गाद्यांत मधला थर म्हणून तो घालतात. सुरुवातीला कडक लागतो, मग दबतो आणि वर येतच नाही.

कडकपणा आणि डेन्सिटी या दोन वेगळ्या गोष्टी

दुकानदार गादीवर मूठ मारून म्हणतो, बघा किती घट्ट आहे. त्यावरून टिकाऊपणा कळत नाही. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. कडकपणा हा रसायनांच्या प्रमाणावर ठरतो. १८ डेन्सिटीचा फोम कडक करता येतो आणि ४० चा मऊ. पहिला लवकर बसतो, दुसरा वर्षानुवर्षं चालतो.

डेन्सिटी तपासायला वजनकाटा पुरतो. गादीची लांबी, रुंदी, जाडी फुटांत गुणा, घनफूट मिळतील. ३२ डेन्सिटीचा एक घनफूट फोम साधारण ९०० ग्रॅम भरतो, ४० चा सव्वा अकराशे ग्रॅमच्या आसपास, २४ चा सातशेच्या आत. समजा ७२ बाय ६० इंची, सहा इंच जाडीची गादी आहे. सहा गुणिले पाच गुणिले अर्धा, म्हणजे १५ घनफूट. ३२ डेन्सिटीची असेल तर फोम साडेतेरा किलोचा हवा, आणि कव्हरचे दोन-तीन किलो वेगळे. सगळी मिळून दहा-अकरा किलो भरली तर आकडा खोटा आहे. घरचा वजनकाटा असेल तर गादी उचलून त्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. दोन-तीन वेगळे थर असतील तर प्रत्येकाचं वेगळं गणित करून बेरीज करा.

वजन भरलं म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका. स्वस्त फोममध्ये खडूची भुकटी घालून वजन वाढवतात. म्हणून कव्हरची चेन उघडून बघा. चेन नसेल तर दुकानात नमुन्याचा कापलेला तुकडा मागा. तो चिमटीत धरून चोळा. भुकटी हाताला लागली, कोपरा सहज तुटला, किंवा मूठ आवळून सोडल्यावर सुरकुत्या तशाच राहिल्या तर तो फोम नको. चांगला पीयू किंवा एचआर मूठ सोडताच मूळ आकारात येतो. मेमरीला काही सेकंद लागतात, ते बरोबरच आहे. घरगुती गाद्यांच्या पीयू फोमसाठी भारतीय मानक आयएस ७९३३ आहे, त्याचा उल्लेख लेबलवर आहे का तेही बघा.

झोपणारा कोण आहे?

आपल्याकडे कंबर दुखली की घरचे म्हणतात, फळीवर झोप. या बाबतीत चांगला अभ्यास उपलब्ध आहे. २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या डॉक्टरांचा प्रयोग छापून आला. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम-कडक गादी दिली. तीन महिन्यांनी मध्यम-कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. म्हणजे कमरेसाठी दगडासारखी गादी शोधायची गरज नाही. पायात मुंग्या येत असतील किंवा दुखणं खाली उतरत असेल तर मात्र गादी बदलून भागणार नाही, डॉक्टर गाठा.

एका कुशीवर झोपणाऱ्यांना वरचे दोन इंच मऊ हवेत, म्हणजे खांदा आणि कुल्हा आत जातो आणि कणा सरळ राहतो. पाठीवर झोपणाऱ्यांना मध्यम-कडक. पालथं झोपणाऱ्यांना आणखी कडक, नाहीतर कंबर खाली झुलते. पन्नास किलोच्या माणसाला जी गादी कडक वाटते तीच नव्वद किलोच्या माणसाला मऊ लागते. नवरा-बायकोच्या वजनात असा फरक असेल तर ३६ इंची दोन वेगळ्या कडकपणाच्या गाद्या सारख्या जाडीच्या घ्या आणि वरून एकच मोठं कव्हर चढवा. वर सांगितलेला दुसरा फायदा तो हाच.

तान्ह्या बाळाला मेमरी किंवा मऊ गादीवर एकटं झोपवू नये, त्याला सपाट आणि घट्टच पृष्ठभाग हवा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला फोमची कोणतीही गादी पुरेशी नाही. हवा भरणाऱ्या, दाब बदलणाऱ्या गादीबद्दल डॉक्टरांशी बोला.

दुकानात झोपून बघा

संकोच करू नका. चप्पल काढून, आपण घरी झोपतो त्याच कुशीवर, घरची उशी घेऊन, किमान दहा-पंधरा मिनिटं पडा. पाठीवर झोपून कमरेखाली हात सरकवा. हात सहज आरपार गेला तर गादी तुमच्यासाठी कडक आहे, सरकवायला फार जोर लागला तर मऊ. मग तीन-चार वेळा कूस बदला. शेवटी काठावर बसा. आपल्या घरांत पाहुण्यांना चहा पलंगावरच दिला जातो, त्यामुळे काठ दबून माणूस पुढे घसरत असेल तर ती गादी चार-सहा महिन्यांत कडेने वाकडी होणार. हे सगळं एसीच्या शोरूममध्ये करताना एक लक्षात असू द्या, तिथे मेमरी फोम जितका घट्ट लागतो त्यापेक्षा तुमच्या पंख्याखालच्या खोलीत मऊ लागेल.

दुकानदाराला इतकंच विचारा: "काका, वरून खालपर्यंत थर सांगा. प्रत्येक किती इंच, किती डेन्सिटी? आणि हे बिलावर लिहून द्याल ना?" जो लिहून देतो त्याच्याशी पुढे भाव करा. जो 'कंपनीची आहे, काळजी करू नका' म्हणतो त्याचा निरोप घ्या.

ऑनलाइन घेत असाल तर चाचणीच्या रात्रींचा काळ, परत न्यायला माणूस येतो की आपण पाठवायची, आणि मूळ खोकं लागतं का, हे तीन मुद्दे आधी वाचा. वॉरंटीत 'किती खड्डा पडला तर' हेही लिहिलेलं असतं, बहुधा एक इंच. दहा वर्षांची वॉरंटी आणि त्यात डाग पडल्यास रद्द अशी अट असेल, तर पहिल्या दिवसापासून प्रोटेक्टर लावणं आलंच. प्रोटेक्टर रेक्झिनचा नको, घामाने अंग चिकट होतं. वर सुती टॉवेलसारखं कापड आणि खाली पातळ पडदा असलेला घ्या.

घरी आणल्यावर

दाबून पॅक केलेली गादी उघडली की काही तासांत फुगते, पूर्ण आकाराला एक ते तीन दिवस लागतात. नव्या फोमचा वास जाईपर्यंत दोन-तीन दिवस खिडक्या उघड्या ठेवा.

कापसाच्या गाद्या आपण गच्चीवर कडक उन्हात टाकत आलो. फोमला ते चालत नाही. उन्हाने पीयू पिवळा पडतो आणि पुढे भुरभुरतो, लॅटेक्स तर त्याहून लवकर तडकतो. फोम सावलीत, वाऱ्याला उभा करा. खाली साठवणीचा बॉक्स असलेल्या पलंगात प्लायची फळी सलग असते, गादीच्या खाली हवा जातच नाही. पावसाळ्यात तिथे काळे ठिपके दिसायला लागतात. सुताराकडून फळीला रांगेने इंचभराची भोकं पाडून घ्या आणि जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांतून एकदा गादी भिंतीला टेकवून अर्धा दिवस उभी ठेवा. त्याच वेळी डोक्याची बाजू पायाकडे करा. मेमरीचा थर वरच असेल तर उलटू नका, फक्त फिरवा.

ढेकणांसाठी रॉकेल फोमवर कधीही नको. पीयू फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. मच्छरची कॉइल पलंगाखाली किंवा गादीच्या कडेला ठेवायची सवय असेल तर ती आजच बदला, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, फरशीवर ठेवा.

गादी अंथरल्याच्या दिवशी बिल, लेबल आणि कव्हरच्या आतल्या थरांचे फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी गादीवर आडवी दोरी ताणून धरा आणि कमरेच्या जागी पट्टीने खड्डा मोजा. पट्टी आणि दोरी दोन्ही दिसतील असा फोटो असेल तर वॉरंटीचं बोलणं लवकर संपतं.